बाबा कराचीला नव्हते

पत्र:

ताई, माझे बाबा गेल्या वर्षी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी गेले. 1967 ते 1982 अशी पंधरा वर्षं ते नौदलात होते, बॉयलर विभागात. मग एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून नोकरी केली आणि तीही संपल्यावर देवगडजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा त्यांच्यावरची एक छोटी पुस्तिका वाटावी असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय आणि मी अडलेय. बाबा गेले त्या दिवशी भावानं व्हॉट्सॲपवर श्रद्धांजली लिहिली, तीत 'कराची बंदर पेटवणारा वीर' असे शब्द होते. आईनं वाचलं आणि म्हणाली, "ते कराचीक गेलेलेच नाय. ते विक्रांतवर होते." बाबा स्वतः युद्धाचा विषय काढत नसत. विचारलं तर म्हणत, "मी काय बघितलंच नाय." मला त्यांचं आठवतं ते भलतंच. रविवारी ब्रासो लावून घरातलं सगळं पितळ घासणं. विहिरीवरचा पंप कुरकुरायला लागला की स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर आणि मूठ कानावर धरून ऐकत बसणं. 9 डिसेंबरला रात्री न जेवणं. "पोट बरा नाय" म्हणायचे, पण दरवर्षी नेमकं त्याच दिवशी. आणि एक गोष्ट लिहावी की नाही तेच कळत नाही. मी चार वर्षांची असताना ते सुट्टीवर आले, तेव्हा मी अंगणातून आईला ओरडून सांगितलं होतं, "आई, पावणे इले!" पहिली सात वर्षं ते मला पाहुणेच होते. त्याचा राग अजून गेलेला नाही. हे सगळं पुस्तिकेत कसं बसवू?

एक मुलगी, देवगड तालुका

उत्तर:

आधी कराचीचं मिटवू. ते मिटल्याशिवाय तुमचं पेन पुढं सरकणार नाही, आणि भावाशी तंटा न करता ते मिटवता येईल असं मला वाटतं.

तुमच्या आईचं म्हणणं इतिहासाशी जुळतं. 1971 साली आपलं नौदल पाकिस्तानशी दोन बाजूंना लढत होतं. कराचीवरचा हल्ला पश्चिमेकडचा. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटींनी तो केला, म्हणून 4 डिसेंबर आपण नौदल दिन म्हणून पाळतो. विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका तेव्हा पूर्वेला, बंगालच्या उपसागरात होती. त्याच दिवशी तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला चढवला, पुढं चितगाव बंदरावर. एक माणूस एकाच वेळी दोन्हीकडे असणं शक्य नाही.

आता घरातली पदकं बाहेर काढा. युद्धानंतर पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना 'पूर्वी स्टार' हे पदक दिलं गेलं, पश्चिमेच्या आघाडीवर असलेल्यांना 'पश्चिमी स्टार'. पदक तळहातावर धरा, खिडकीच्या उजेडात न्या आणि त्याची मागची बाजू आणि कड बघा. तिथं बहुतेक बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंग लागेल. पन्नास वर्षांत पेटीतल्या ओलाव्यानं काळं पडलं असेल तर मऊ फडक्यानं हलकेच पुसा, पण ब्रासो लावू नका. बाबांनी समयांना लावला तो ठीक, इथं अक्षरं झिजतील. पदक कुठलं आहे ते ओळखता आलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. तिथली माणसं रिबिनीवरूनच सांगतील.

तो नंबर वहीत उतरवून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्या कार्यालयात असतात. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार, तेव्हा अर्ज तिच्या नावानं आणि तिच्या सहीनं करा, सोबत निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत जोडा. बाबा कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत होते, एवढंच मागा. त्याआधी बाबांची काळी ट्रंक एकदा तळापर्यंत बघा. नौदलातून सुटताना मिळालेले कागद बहुतेक घरात ती एकच व्यक्ती जपते, जिला ते वाचता येत नाहीत. सरकारी उत्तर वर्षश्राद्धापर्यंत येईलच असं नाही. न आलं तर त्याच्यासाठी अडून राहू नका.

हे एवढं खोलात सांगतेय त्याला कारण आहे. माझे थोरले मामा नौदलात आचारी होते. ते गेल्यावर शोकसभेत गावातल्या एका वक्त्यानं त्यांना तोफेवर उभं केलं, शत्रूची बोट बुडवायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामी माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. घरी आल्यावर म्हणाली, "तीनशे माणसांचा भात एका वेळी कधी करपू दिला नाही त्यांनी. ते कुणी बोललं नाही." मामाबद्दल त्या दिवशी सगळ्यात खरं तेच बोललं गेलं, आणि ते स्वयंपाकघरात.

तुमच्या बाबांचं "मी काय बघितलंच नाय" हे वाक्य तुम्ही टाळाटाळ समजलात. मला ते अक्षरशः खरं वाटतं.

बॉयलर रूम जहाजाच्या पोटात असते. खिडकी नाही, आभाळ नाही. वर लोखंडी शिड्या, चहूकडे पाइप, कानठळ्या बसवणारा पंख्यांचा आवाज आणि अंगातलं पाणी उपसून काढणारी उष्णता. वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. मधल्या वॉचला माणूस रात्री बाराला खाली उतरतो आणि पहाटे चारला वर येतो. त्या चार तासांत त्याची नजर एका काचेच्या नळीवर असते, तिच्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते. ती फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर पाणी वाफेबरोबर यंत्रात शिरतं. तेलाचे बर्नर कमीजास्त करायचे, धूर काळा होऊ द्यायचा नाही, कारण काळा धूर दुरून दिसतो. वर काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं तरच कळणार. युद्ध त्याला ऐकू येतं, तेही नीट नाही.

पण विक्रांतचं एक वैशिष्ट्य तुमच्या भावाला जरूर सांगा. तिच्या डेकवरून विमान नुसतं धावत जाऊन उडत नव्हतं. धावायला तेवढी जागाच नव्हती. वाफेच्या दाबावर चालणारा कॅटापुल्ट विमानाला पुढं फेकायचा. ती वाफ खालच्या बॉयलरांतून यायची. चार बॉयलर होते आणि त्यातल्या एकाला युद्धाच्या आधीच तडे गेले होते. त्यामुळं जहाजाचा वेग आवरता घ्यावा लागत होता, आणि वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वाराही कमी, म्हणजे विमान उडवणं आणखी अवघड. तिला लढाईवर पाठवावं की नाही यावरही बराच खल झाला होता. तरी ती गेली. कॉक्स बझारवर गेलेलं प्रत्येक विमान त्या दुखऱ्या बॉयलरांच्या वाफेनं उडालं, आणि त्या वाफेवर बावीस वर्षांचे तुमचे बाबा आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण नजर ठेवून होते. विमान उडालेलं त्यांना दिसलं नसणार. जहाजातून गेलेला धक्का पायाखाली जाणवला असेल, आणि वाफेचा दाब किंचित उतरलेला काट्यावर दिसला असेल. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी याच विक्रांतच्या शोधात आली होती आणि 3-4 डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. पाण्याच्या पातळीखाली उभ्या असलेल्या माणसासाठी पाणबुडीच्या बातमीचा अर्थ काय असतो, याचा विचार भावाला करू द्या. कराची त्याला लागणार नाही.

आणि हो, त्याला चूक ठरवू नका. वडील गेल्याच्या रात्री मुलाला ते मोठे दिसले, हातात जो मोठा शब्द आला तो त्यानं लिहिला. 'पूर्वी स्टार' त्याच्या हातात द्या, त्यावरचं नाव त्यालाच वाचू द्या.

आता तुम्ही 'भलतंच' म्हणता त्याकडे येते. तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. इंजिन विभागातली माणसं लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकतात, आणि फिरत्या यंत्राचं दुखणं ऐकण्याची जुनी रीत तीच आहे: लांब स्क्रूड्रायव्हर, टोक बेअरिंगच्या जागी, मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग चांगली असेल तर एकसारखी गुणगुण ऐकू येते. बिघडू लागली की आत कुणी वाळू चावतंय असं वाटतं. डेकवरचं पितळ घासणं हीसुद्धा तिथली रोजची शिस्त. तुम्ही म्हणता बाबा नौदलाबद्दल बोलले नाहीत. अहो, नौदल तुमच्या विहिरीवर होतं, देव्हाऱ्यात होतं. पंधरा वर्षांत अंगात मुरलेलं त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, हातानं करत राहिले, आणि तुम्ही ते लहानपणापासून बघत आलात. बॉयलर अटेंडंटची दुसरी नोकरीही तीच होती, फक्त जमिनीवर. तेव्हा पुस्तिकेची सुरुवात पंपापासून करा. मोटार कोणत्या कंपनीची, कोणत्या रंगाची होती, बाबा कशावर बसायचे, डोळे मिटायचे का, आणि 'बघा, बेअरिंग गेली' हे कुठल्या शब्दांत सांगायचे, तेवढं सगळं लिहा.

9 डिसेंबरबद्दल मी जपून लिहितेय.

1971 च्या 9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका बुडाली. हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला आणि जहाज काही मिनिटांत गेलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. अशा वेळी सगळ्यात कमी संधी कुणाला असते ते तुमच्या बाबांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. खालच्या शिड्या त्यांना पाठ होत्या. लोणावळ्यात एका बाकावर शिकलेली मुलं पुढं वेगवेगळ्या जहाजांवर जातात, एखादा विक्रांतवर, एखादा खुकरीवर. बाबांचा कुणी सोबती तिच्यावर होता की त्या सगळ्यांसाठीच ते उपाशी राहत होते, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. योगायोगही असू शकेल. पण वर्षानुवर्षं त्याच तारखेला पोट बिघडत नाही. आईला एकटीला गाठून विचारा. तिला माहीत असेल आणि सांगायचं नसेल तर तिथंच थांबा. पुस्तिकेत फक्त एवढं लिहा: 9 डिसेंबरला बाबा रात्री जेवत नसत, त्या तारखेला 1971 साली खुकरी बुडाली. दोन वाक्यं पुरेत. दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. कधी जाणं झालं तर आईला घेऊन जा.

आईचं पान पुस्तिकेत वेगळं असायला हवं, आणि ते तिच्याच तोंडच्या भाषेत. 'बाबांबद्दल काहीतरी सांग' असं म्हणाल तर ती 'काय सांगाचा' म्हणून उठून जाईल. पत्रांबद्दल विचारा. नौसैनिकाला पत्र लिहायचं तर जहाजाचं नाव आणि खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस' एवढाच पत्ता असायचा. माणूस कोचीला असो, अंदमानला असो की कुठं परदेशच्या बंदरात, बायकोच्या हाती तोच एक पत्ता. उत्तर कधी आठवड्यात यायचं, कधी दोन महिने नाही. त्या दोन महिन्यांत सासूच्या डोळ्यांत बघून 'पत्र इला नाय' हे रोज कसं सांगितलं, मनीऑर्डर कोण घेऊन यायचं, चतुर्थीला सुट्टी मिळाली नाही त्या वर्षी गणपती पाटावरून कुणी आणला, तुमच्या जन्माची खबर बाबांना कधी पोचली: असे प्रश्न घ्या. हातात जुनं आंतर्देशीय असेल तर उत्तम. फोनवर आवाज नोंदवून ठेवा. ती मालवणीत बोलली तर मालवणीतच छापा, शुद्ध करायला जाऊ नका. शहरातल्या नातवंडांना दोन शब्द अडले तर अडू देत, विचारतील.

विक्रांतचं पुढं काय झालं तेही थोडक्यात घाला. 1961 साली ती आपल्या नौदलात आली, 1997 च्या जानेवारीत निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या जागी तोडायला नेली. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा बाबा घरात कुठं होते, काय म्हणाले, हे कुणाला आठवतंय का बघा. तिच्याच धातूतून केलेलं स्मारक मुंबईत गोदीजवळ आहे. आणि कोचीत बांधलेली नवी विक्रांत 2 सप्टेंबर 2022 ला नौदलात दाखल झाली तेव्हा बाबा त्र्याहत्तर वर्षांचे होते. तो सोहळा त्यांनी पाहिला असेल. त्याबद्दलही विचारा.

राहिली तुमची शेवटची गोष्ट. तुम्हाला खरं त्याबद्दलच लिहायचं होतं असं मला वाटलं.

हिशेब मांडून बघा. युद्ध 3 ते 16 डिसेंबर, तेरा दिवसांचं. नौदल पंधरा वर्षांचं. आणि 1982 नंतर बेचाळीस वर्षं बाबा तुमच्याबरोबर होते. या बेचाळीस वर्षांनी पहिल्या सात वर्षांची भरपाई झाली, असं मी म्हणणार नाही. चार वर्षांच्या मुलीला वर्षाकाठी दीड-दोन महिने भेटलेला बाप, ही तूट नंतरच्या जमेत वळती होत नाही. तुमचा राग खरा आहे आणि त्याला जागा हवी. वर्षश्राद्धाला जमलेल्यांत तुमच्यासारखी आणखी चार माणसं असतील. आपल्या किनाऱ्यावर गावंच्या गावं बोटीवर, मुंबईत, आखातात गेलेल्या बापांच्या मुलांची आहेत, आणि त्यांना बापाचा अभिमान जाहीर बोलता येतो, राग नाही.

म्हणून लिहाच. पण 'बाबा आम्हाला वेळ देऊ शकले नाहीत' असलं गुळगुळीत वाक्य नको. ते अंगण लिहा. तुमच्या अंगावर कुठला फ्रॉक होता, फाटकात उभ्या माणसाच्या खांद्यावर किटबॅग होती की हातात ट्रंक, तुम्ही "पावणे इले" म्हणून ओरडलात आणि आई हातातलं टाकून बाहेर आली. तुमची बाजू तिथं संपते, कारण पुढचं तुम्हाला आठवत नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्या माणसाची बाजू फक्त एका व्यक्तीला ठाऊक आहे.

आज रात्री जेवणं आवरली की आईजवळ ओट्यावर जाऊन बसा. पदकं, अर्ज, पुस्तिका, काही काढू नका. तिला एवढंच विचारा: मी ओरडले त्या रात्री, मी निजल्यावर, बाबा तुला काय म्हणाले?